लँग्विशचं वाक्य

अंबाजोगाईच्या एका ज्युनियर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. अर्थ विचारला की पोरं गाईडमधला मराठी शब्द तोंडावर फेकून मोकळी होतात, याचा मला मनस्वी राग आहे. 'लँग्विश' हे क्रियापद आलं तेव्हाही तेच झालं. 'अशक्त होणे', सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मी म्हटलं, वाक्य करा.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं केलं. तिचे आईवडील दरवर्षी ऊस तोडायला जातात. माझी आई उसाच्या फडात लँग्विश होते, असं ते वाक्य होतं. व्याकरणाची चूक नव्हती, तरी मी ते खोडलं. तिची आई थकते, झिजते, तिचे हाल होतात. त्यासाठी इंग्रजीत दुसरी क्रियापदं आहेत. लँग्विश व्हायला कष्ट लागत नाहीत. माणूस तुरुंगात पडून असतो, फाईल कचेरीत पडून असते, रोप उन्हाविना खोलीत पिवळं पडतं, तिथं हे वापरायचं. यात बळ कामानं जात नाही, पडून राहिल्यानं जातं. एवढं ठासून सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. माजलगावजवळ आमचा ऊस आहे, कालव्याचं पाणी आहे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि माझ्या धाकट्या भावानं जाहीर करून टाकलं, की आता अण्णांनी बसून खायचं. आमच्याकडे कर्त्या मुलाची ही मोठी शोभा. ऑपरेशन झालेला बाप शेतात दिसला तर लोक पोराला नावं ठेवतात. भावजय पाण्याचा तांब्यासुद्धा बाजेवर आणून द्यायची. रिपोर्ट सगळे चांगले होते, डॉक्टर हलकं काम करू द्या म्हणत होते, आणि अण्णा मात्र महिन्यागणिक खंगत चालले होते. ताटातली भाकरी अर्धी राहायची. गेल्या खेपेला तर माझ्याशी बोलताना ते भिंतीकडे बघत होते. असंच चाललं तर हा माणूस आमच्या हातचा जाणार, याबद्दल मला आता शंका उरली नाही.

रविवारी मी गावी गेले आणि सरळ सांगितलं, अण्णांना शेतात नेते. भाऊ तापला.

"ताई, लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

घालू देत, मी म्हटलं, तोंड धुता येतं. पण अण्णांनीच पाय मागे घेतला. जमत न्हाई आता, म्हणाले. मी कसली ऐकते. त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले.

उसाला पाणी चालू होतं. सालगडी बांधावर बसून फोनवर बोलत होता आणि भरलेली सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात चाललं होतं. "सरक बे" म्हणत अण्णा चिखलात उतरले. पायानंच माती ओढून एका सरीचं तोंड बुजवलं, दुसरीचं उघडलं. दम लागला तसे थांबले. मी हात पुढे केला तर माझ्यावरच खेकसले. ते खेकसणं ऐकून मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

तासाभरानं बांधावर येऊन त्यांनी भाकरी मागितली. मागोमाग आलेल्या भावानं सोबत आणलेला डबा उघडला. मला चांगलाच जोर चढला होता. माणूस कामानं नाही, पडून राहिल्यानं संपतो, मी गेल्या खेपेलाच हे ओळखलं होतं, असं मी भावाला सुनवायला लागले. अण्णांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुला ठावं होतं, माय, तर इतके दिस काहून गप बसलीस?"