घरचा चहा गिळायचा

पडदा वर जातो तेव्हा आधी माणूस दिसत नाही, दिसतात कप. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकासमोर चिमूटभर कोरडी पत्ती आणि मोठ्या खिडकीतून येणारा थंड उजेड. मग उजव्या दारातून, हातात चमचा घेऊन, चवकाका प्रवेश करतात.

चहाच्या वखारीत छत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. चमचाभर चहा फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, शेजारच्या पिकदाणीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. ‘कडक.’ ‘धुरकट.’ ‘सपक.’ सकाळभरात दोनशे कप, पण पोटात थेंब नाही. मागे कारकून वही घेऊन लिहीत राहायचा. एकेका शब्दाची फेक अशी, की टाळी द्यावी!

बायको गेली. तीन आठवड्यांनी काका कामावर आले. पहिल्या कपाला म्हणाले, “ठीक.” दुसऱ्यालाही “ठीक.” चाळिसाव्या कपाला कारकुनानं पेन खाली ठेवलं.

“काका, ‘ठीक’चा शिक्काच करून आणू का? माझी बोटं तरी वाचतील.”

एरवी काकांनी त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी म्हणाले, “आण.”

कारकून घाबरला आणि मालकांना बोलावून घेऊन आला. मालकांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “महिनाभर घरी बसा. जीभ परत घेऊन या. नाहीच आली, तर... बघू.”

त्या ‘बघू’चा अर्थ काकांना नीट कळला. वाईट मात्र वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

मुलगी राहायला आली ती ग्रीन टीचं खोकं घेऊनच. “रक्तदाबाला चांगला असतो, बाबा.”

पूर्वीचे काका गरजले असते, “औषधच प्यायचं तर कपबशी कशाला? बाटली आण!” आता ते मुकाट्यानं पीत होते. कप पुढे आला की प्यायचा, रिकामा झाला की ठेवायचा. तीन दिवस मुलीनं हे पाहिलं. चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता तिनं ते खोकं कपाटात मागे ढकललं आणि आईच्या पातेल्यात साधा, भरपूर साखरेचा चहा टाकला.

काकांनी कप उचलला. फुर्रकन ओढला, घोळवला. उठून बेसिनपाशी गेले आणि थुंकले.

“ठीक,” ते म्हणाले.

मुलगी दारातच उभी होती. “इतका वाईट झालाय, बाबा?”

काका बेसिनकडे बघत राहिले. पांढऱ्या भांड्यात तपकिरी ओघळ. असाच ओघळ तिथे एकदाच पडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, बायकोच्या हातचा पहिला चहा थुंकून त्यांनी ऐटीत निकाल दिला होता, “सपक. दुसरी प्रत.” दोन दिवस तिनं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कप आदळून म्हणाली, “अहो परीक्षक, थुंकायचं ते वखारीत. घरचा चहा गिळायचा. आणि इथं निकालबिकाल नाही. आवडला तर अजून अर्धा मागायचा, नाहीतर गप्प बसायचं.”

तेव्हापासून चार वाजता दोघं समोरासमोर बसत. त्या चहानं कुणाचं काही भलं व्हायचं नव्हतं. तो बरा लागायचा, एवढंच. आणि काका रोज अर्धा कप जास्त मागत, सपक असला त्या दिवशीसुद्धा.

त्यांनी नळ सोडला, ओघळ धुतला, परत येऊन खुर्चीवर बसले. कप उचलला आणि गिळला.

चव लागली का? नाही. खोटं कशाला सांगायचं! काहीतरी गरम घशातून खाली उतरलं आणि कुठवर गेलं, तेवढं फक्त कळलं. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. तळाला साखर दिसेपर्यंत ते पीत राहिले.

मुलगी टेबलाची कड धरून उभी होती. “खरं सांगा हं. आईसारखा नाही ना झाला?”

काकांनी रिकामा कप तिच्याकडे सरकवला.

“अजून अर्धा आहे का गं?”