जावयाच्या गाडीचा निळा रेग्युलेटर

मिस्त्रीचं जगात कोणाविषयीच फारसं बरं मत नव्हतं, पण सगळ्यात वाईट मत जावयाविषयी होतं. पस्तीस वर्षं गॅरेज चालवून त्याने एक गोष्ट पक्की केली होती, की गाडी बोलते आणि मालक बडबडतो. गिऱ्हाईक तोंड उघडायचं तेव्हा हा फडक्याला हात पुसत दुसरीकडे बघायचा. शेजारच्या गॅरेजवाल्याला तो ‘बोल्टतोड्या’ म्हणायचा, तेही त्याच्या तोंडावर.

जावई दातांचा डॉक्टर. हात इतके मऊ की पान्याला लाज वाटावी. त्यात त्याने तीस वर्षांपूर्वीची, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार विकत घेतली. तिच्यातून उतरताना त्याला आधी एक पाय, मग डोकं आणि सगळ्यात शेवटी इभ्रत बाहेर काढावी लागे.

“जावईबापू, आले का रथ घेऊन?” मिस्त्री विचारायचा. जावई हसायचा. त्याला टोमणा कळतो की नाही, हेही मिस्त्रीला कधी कळलं नव्हतं आणि त्याचा त्याला आणखीच राग होता.

गेल्या वर्षी जावई म्हणाला होता, “बाबा, इंजिन गरम असलं की गाडी लवकर सुरू होत नाही. पेट्रोलचा वासही येतो. रेग्युलेटर गेला असेल का?”

पंपाने ढकललेल्या पेट्रोलचा जोर नेमका ठेवायचा आणि जास्तीचं टाकीकडे परत पाठवायचं, एवढंच त्या मुठीएवढ्या डबीचं काम. मिस्त्रीने बॉनेटही उघडलं नाही.

“दोष तुमच्या पायात आहे, गाडीत नाही. ओरिजिनल माल आहे तो, त्याला हात लावू नका.”

“बरं बाबा,” जावई म्हणाला होता.

आणि एका रविवारी सकाळी तीच गाडी काळा धूर सोडत गॅरेजच्या दारात आली. एका बाजूने जावई उतरला, दुसऱ्या बाजूने मिस्त्रीची लेक. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मिस्त्रीने बॉनेट उचललं. आत एक निळा, चकचकीत रेग्युलेटर बसवला होता. डोक्यावर प्रेशर कमीजास्त करायचा स्क्रू, पोटाला काटेवालं गेज.

“हे काय आणलंत? अत्तराची बाटली?”

“जुना आता कुठे मिळत नाही, बाबा. म्हणून हा बाजारातला.”

“बाजारातला. आणि बसवला कोणी?”

जावई घुटमळला. “घरीच बसवला.”

बस्स. मिस्त्रीला रान मोकळं मिळालं. त्याने एक प्लग काढून जावयाच्या नाकाखाली धरला. काजळीने काळाठिक्कर पडला होता. “हा प्लग आहे की कोळसा? आम्ही तुमच्या खुर्चीत बसून तुमच्या हातातली पक्कड हिसकावतो का कधी?” मग त्याला एका जोडाच्या थ्रेडवर पांढरी टेप दिसली. “वा! नळाला लावायची टेप. अहो, इथे आत रबरी रिंग असते. याची एक चिंधी सुटून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडात बसली म्हणजे? तुमचे पेशंट जिवंत घरी जातात ना?”

जावई मान खाली घालून ऐकत होता. मिस्त्रीला वाटलं, माणसाला कणा नावाची वस्तू दिलेलीच नाही.

“प्रेशर किती ठेवलंत?”

“तीन,” जावई म्हणाला आणि त्याने बायकोकडे पाहिलं.

“व्हॅक्यूमची नळी लावून, की काढून?”

जावयाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

“लावून,” भिंतीजवळून लेक म्हणाली. “मी लावूनच मोजलं, बाबा. नळी लावली की काटा खाली येतो, म्हणजे खरं प्रेशर जास्तच राहिलं. तिथेच चुकलं वाटतं.”

“तू?”

“रेग्युलेटर मी बसवलाय.” ती पुढे आली. “जुन्याची व्हॅक्यूमची नळी काढली तर आतून पेट्रोल टपकलं. आतला रबरी पडदा फाटला होता. वर्षभर फाटलेला असणार. तुम्ही तेव्हा बॉनेट उघडलं असतंत तर तुम्हालाही दिसलं असतं.”

“मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेतला असतात. दरवेळी घेता.”

मिस्त्रीने पुन्हा आत पाहिलं, या वेळी नीट. नळ्या सरळ कापलेल्या. क्लिपा नेमक्या आवळलेल्या. रेग्युलेटर तापणाऱ्या पाइपापासून चार बोटं लांब, वेगळी पट्टी वाकवून बसवलेला. परतीची नळी कुठेही मुडपलेली नाही. अर्धा तास ज्या कामावर तो थुंकत होता, त्यात तिसरी चूक शोधूनही सापडेना.

“आणि ही टेप?” त्याने जवळजवळ आशेने विचारलं.

“टेप माझी,” जावई म्हणाला. “ती नको म्हणत होती. मी म्हटलं, असू दे, जास्त सेफ.”

मिस्त्रीला एकदम बरं वाटलं.

टेप खरवडून, नवी रिंग घालून लेकीने तो जोड पुन्हा बसवला. व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खुपसला आणि नवऱ्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. काटा साडेतीनावर होता. तिने लॉकनट सैल करून स्क्रू पावपाव फिरवत तो तीनवर आणला. दोनदा मिस्त्रीचा हात पान्याकडे गेला आणि दोन्ही वेळा त्याने तो खिशात घातला. नट आवळून तिने नळी परत लावली, तसा काटा अडीचवर उतरला. धूर हळूहळू विरळ होत गेला.

ती हात धुवायला आत गेली तेव्हा मिस्त्री जावयाला म्हणाला, “एवढं ऐकून घेतलंत. सांगायचं नाही का, की तिने बसवलाय?”

“तिने कधी सांगायचं ते तिचं तिने ठरवावं, असं वाटलं.” जावयाने खांदे उडवले. “आणि तुम्ही मला एरवीही बोलताच की.”

मिस्त्रीला माफी मागण्याची सवय नव्हती आणि नवी लावून घ्यायचं वयही गेलं होतं. त्याने खाली पडलेली काजळी पायाने सारली आणि “गिअर जरा हळू टाकत जा, दाढ उपटत नाही आहात” एवढं बोलून घेतलं.

महिन्याभराने तसलीच जुनी गाडी घेऊन एक गिऱ्हाईक आलं. त्याचं सगळं बोलणं मिस्त्रीने भिंतीकडे बघत ऐकलं.

“हे काम माझी लेक करते,” तो म्हणाला. “तिला विचारून सांगतो. प्रत्येकाची गाडी घेत नाही ती.”