पाटीवरचा आकडा

अकोल्यातल्या एका वृद्धाश्रमात मी चार वर्षं आया होते. तिथे प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी पत्र्याची काळी पाटी आणि तिच्यावर खडूनं लिहिलेला आकडा असायचा. एक म्हणजे एका माणसाच्या आधारानं उठणार, दोन म्हणजे दोघींनी धरायचं. रोज सकाळी माणसाला उभं करून, पाय बघूनच आकडा लिहायचा, असा नियम होता. अकरा पलंगांना आम्ही दोघीच. दोघी एकाच वेळी मोकळ्या कधी होणार? दोन लिहिलं की त्या माणसाला डायपर लागायचा आणि त्याचा पाय जमिनीला लागायचा नाही. लिहिणारीला हे चांगलं ठाऊक असायचं.

खिडकीजवळ तेल्हाऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आकडा एक. पण उठायचं म्हणजे आधी पदर सारखा करायचा, मग पायांनी चप्पल शोधायची, मग दम खायचा, मग माझा हात धरायचा. संडासापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

पावसाळ्यातल्या एका सकाळी माझं डोकं फिरलं आणि त्यांना न उठवताच मी दोन लिहिलं.

"काहून वं पोरी? उभी तं करून पाह्य मले."

"पाय गेले तुमचे, बाई."

"माहे पाय तुले कसे मालूम?"

मी डायपर बांधला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी आम्ही जेवून आलो, तर पाटीवर एक. माझा आकडा पुसून वळणदार अक्षरात लिहिलेला. बाई पलंगावर धापा टाकत बसलेल्या, बोटांना खडू. ती पाटी पलंगावरून हाताला येत नाही. खाली उतरून, पलंग धरत तिथवर जावं लागतं. बाई एकट्या जाऊन आल्या होत्या.

"बाई चालतेत अजून," सोबतीण हळूच म्हणाली.

"पडल्या असत्या तं नोकरी माही गेली असती," मी म्हटलं. ओल्या फडक्यानं एक पुसला, दोन लिहिलं. पलंगाचे कठडे वर करून अडकवले आणि खडू खिशात टाकला.

दिवाळीनंतर डॉक्टर तपासायला आले. आम्ही दोघींनी बाईंना उभं केलं, तर त्यांचे गुडघे तिथल्या तिथे दुमडले. डॉक्टरांनी पाटी पाहिली, आकडा बरोबर आहे म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले. बाई माझ्या हातांत लोंबकळत माझ्याकडेच बघत होत्या.