पुढे ढकललं

खरखरमावशीचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि फुकट देणाऱ्यावर तर मुळीच नाही. रेडिओ दुरुस्त करताना ती खरखरीतून माणसाचा आवाज हुडकून काढायची, म्हणून हे नाव पडलेलं. गल्लीच्या नळासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिला एक गोष्ट पक्की कळली होती: साहेब "पुढे ढकललं" म्हणाला, की काम मेलंच समजा.

तिचा धाकटा भाऊ दूर समुद्रातल्या एका बेटावर हवामान केंद्रात कामाला होता. तिथे फोन पोचत नव्हता. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाने वर सोडलेला, पावाच्या लादीएवढा उपग्रह डोक्यावरून गेला की त्याच्यामार्फत दोघं बोलायची. बोलणं कसलं, भांडणंच. पण भावाचा आवाज तेवढाच.

आणि तो उपग्रह आता वरच्या विरळ हवेला घासत घासत खाली चालला होता. वेळापत्रकाच्या आधीच यायला लागला होता. "मरायची घाई झालीय मेल्याला," मावशी म्हणायची.

त्याच्या पोटात एक इवलंसं इंजिन होतं. पाणी तापवायचं, वाफ मागे सोडायची, एवढंच त्याचं काम. जावयाच्या कंपनीने ते फुकट दिलेलं. मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

"जावईबापू, वर नेणार कसं त्याला?" मंडळाच्या खोलीत तिने विचारलं.

"पुढे ढकलायचं, आई."

झालं! मावशीचं डोकंच फिरलं. "हे तुमच्या जन्माआधीपासून ऐकतेय मी! वर न्यायचंय ना? मग वर ढकला!"

"तसं नाही होत. पुढे वेग दिला की त्याची वाट आपोआप उंच होते."

"आणि यात तुमच्या कंपनीला काय मिळणार?"

"इंजिन चालतं, याचा पुरावा."

"आणि नाही चाललं तर? आमच्या उपग्रहाची राख, आणि तुम्ही हात झटकून मोकळे!"

मुलगी वैतागली. "आई, लग्न ठरवताना तू यांचे दातसुद्धा मोजले होतेस."

"आणि एक खोटा निघाला होता!"

शेवटी मावशीने अट घातली: इंजिनाला हुकूम जाईल तो तिच्याच सेटवरून, तिच्याच हाताने. रोज थोडी थोडी वाफ सोडली. मग एका सकाळी ठरलेली वेळ झाली आणि उपग्रह आलाच नाही. नुसती खरखर.

"पाडलात ना?"

"आई, जरा थांबा."

"थांबा! तेवढंच राहिलं होतं. आधी पुढे ढकललंत, आता थांबा! अहो, मरत होता तेव्हासुद्धा लवकर यायचा, आणि आता..."

ती मध्येच थबकली. खाली जाताना लवकर यायचा. मग उशिरा येतोय म्हणजे?

जावयाने नुसतं घड्याळ तिच्यापुढे सरकवलं. शहाणा होता.

तेवढ्यात खरखर फाटली. "ताई! कुठे उलथली होतीस? मी कधीचा हाका मारतोय!"

मावशीने माईक तोंडाशी धरला. म्हणाली, "ओरडू नकोस. आपलं बोलणं बंद पडणार होतं, ते पुढे ढकललंय."

भांडण आटोपून तिने माईक ठेवला आणि जावयाकडे बघत डोळे बारीक केले.

"मिळाला ना पुरावा? आता टाकीत पाणी किती उरलंय, ते खरं सांगा."