कावेरीचा सोलो आणि मेदूवडा

गाणं ऐकताना मला झोप लागते, ही अफवा आहे. झोप मला आधीच लागलेली असते. गाणं नंतर सुरू होतं.

चेन्नईत माझी अर्धी हयात गेली. अंबत्तूरच्या कारखान्यात नोकरी, वेलचेरीत फ्लॅट आणि बायको, वत्सला, तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. सासरे (सगळे त्यांना अप्पा म्हणतात) कर्नाटक संगीताचे कट्टर भक्त. लग्नानंतर दर डिसेंबरात मला कच्चेऱ्यांना, म्हणजे गाण्याच्या मैफलींना, नेऊन नेऊन त्यांनी तयार केलं. तयार म्हणजे काय, तर मांडीवर ताल कसा धरायचा आणि मृदंगवाल्याची एकट्याची पाळी, म्हणजे 'तनी', सुरू झाली की कँटीनकडे कसं सटकायचं! इथला तो रिवाजच आहे. तनी सुरू झाली की निम्मं सभागृह उठतं, कारण जो आधी पोचेल त्याला वडा गरम मिळतो. ताल मला कधीच जमला नाही. दुसरी विद्या मात्र अशी अंगात मुरली, की तनी आली म्हटलं की माझे पाय मला न विचारता चालू लागतात.

आमची लेक कावेरी सिरुसेरीला चांगल्या नोकरीत होती. एक दिवस तिने बिनपगारी रजा घेतली आणि घरी डबल बेस आणला. (व्हायोलिनला वर्षभर साजूक तुपावर पोसलं तर जेवढं होईल, तेवढं हे वाद्य! आमच्या लिफ्टमध्ये एक तर ते मावतं, नाहीतर आम्ही.) गिटार, मँडोलिन आणि व्हायोलिन वाजवणारे तिचे तीन मित्र, असा चौघांचा गट जमला. थोडं जॅझ, थोडी लोकगीतं. विजेची भानगड नाही, नुसत्या तारा आणि लाकूड.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाबा, सोमवारी ऑफिसला कळवायचंय. परत जायचं की राजीनामा द्यायचा, ते."

"मग?"

"मग उद्या माझा सोलो नीट ऐक आणि खरं काय ते सांग. तुला नाही भावला तर मी मुकाट्याने परत जाईन. पण उगाच छान म्हणू नकोस. तू सगळ्यालाच छान म्हणतोस."

"मी? कधी?"

"आज सकाळी. करपलेल्या उपम्याला!"

(उपमा वत्सलाने केला होता आणि ती समोर उभी होती. माणसाने काय म्हणायचं?)

एवढी मोठी जबाबदारी माझ्या कानांवर आजवर कुणी टाकली नव्हती. रात्री जागरण टाळलं पाहिजे, हे कळत असूनही मी काळजीने टक्क जागा राहिलो आणि उद्याची झोप शिल्लक ठेवली.

अडयारजवळचं छोटंसं सभागृह. पहिल्या रांगेत अप्पा, मी, वत्सला आणि पुढे अप्पांचे रसिक मित्र. दिवे मंदावले. गिटारवाल्याने तळ्याच्या पाण्यात बोट फिरवावं तसे चार सूर काढले. मँडोलिन त्यांच्यामागून लाजत लाजत आलं. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता, कुणाच्या तरी गजऱ्याचा वास येत होता, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी कावेरीचा डबल बेस हळूहळू पावलं टाकत होता. मी ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत. मग ठरवलं, मिटायचे, पण आतून जागं राहायचं. मग खुर्चीची होडी झाली. अप्पांचं उपरणं शीड झालं. आम्ही कुठल्या तरी संथ नदीतून निघालो होतो, काठावर कुणी तमिळ अंगाई म्हणत होतं, आणि इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू!

बरगडीत कोपर बसलं.

"उठा, जावई! तनी आली!"

मी एक डोळा उघडला. तिघं जण हात आवरून स्वस्थ बसले होते आणि एकटं कुणीतरी तळव्याने लाकडावर थापा मारत होतं. लाकडावर थापा, बाकीचे गप्प. म्हणजे तनीच की! पायांनी मला विचारलंच नाही. वत्सलाने माझा सदरा धरला, पण तिच्या हातात फक्त बटण राहिलं.

"असके चला!" अप्पांनी आपल्या तंजावरी मराठीत सगळ्या मित्रांना खूण केली, आणि अख्खी रांग वाकून वाकून बाहेर पडली.

कँटीन स्टेजच्या बरोबर पाठीमागे, मधे एकच भिंत. वडे नुकतेच कढईतून निघत होते. मी भिंतीला पाठ टेकून पहिला घास घेतला, आणि पाठीतून एक घरघर आत शिरली. खोल, गोल, एका लयीत फिरणारी. पितळी वाटीतली कॉफी थरथरत होती. मला एकदम आई आठवली. पहाटे ती जात्यावर बसायची, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा झोपायचो, आणि जात्याची ती घरघर कानातून सगळ्या अंगात पसरायची. किती वर्षांनी हे आठवलं! माझे डोळे भरून आले. हातात वडा होता, त्यामुळे पुसताही येईनात.

"अप्पा," मी म्हटलं, "काय ग्राइंडर आहे हो यांचा पीठ वाटायचा! असा ग्राइंडर घरी असता तर मी खाट स्वयंपाकघरात टाकली असती!"

"आँ? कसला ग्राइंडर?" अप्पांनी बोट दाखवलं. "तो पाहा, त्याचा दगड काढून धुवायला ठेवला आहे की!"

त्याच क्षणी भिंतीपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला (त्या थापा कावेरीच्याच होत्या!) आणि वडा घशात अडकला.

मी धावलो. दारात पोचलो तेव्हा कावेरी वाकून नमस्कार करत होती. समोरची रांग रिकामी, आणि मधोमध वत्सला एकटी, मुठीत बटण घेऊन! मी जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवल्या. हातात अर्धा वडा आहे हे विसरलो होतो. तो पुढच्या बाईंच्या गजऱ्यात जाऊन बसला.

कार्यक्रम संपल्यावर कावेरी आली. चेहरा उतरलेला. "बाबा, ऐकलास?"

'छान' माझ्या जिभेवर तयार होतं. पण अप्पा जन्मात खोटं बोललेले नाहीत.

"ऐकले की! कँटीनात! ग्राइंडर मणून ऐकले! खाट टाकतो मणाले!"

आता संपलं सगळं, असं मला वाटलं. कावेरी माझ्याकडे बघतच राहिली.

"ग्राइंडर?"

"म्हणजे... जातं गं," मी पुटपुटलो. "आई दळायची ना पहाटे, तसं वाटलं. रडूच आलं मला. तू वाजवते आहेस हे खरंच माहीत नव्हतं."

तिने मला तिथेच, सगळ्यांसमोर, घट्ट मिठी मारली.

"बाबा, आजीची ओवीच वाजवत होते मी! लहानपणी मला झोपवताना तू म्हणायचास ना, तीच. महिनाभर त्या जात्याचा आवाज शोधतेय. गटात कुणी जातं ऐकलेलंच नाही, जमलं की नाही ते सांगणार कोण? आणि तू भिंतीआडून ओळखलंस!"

माझा गळा दाटून आला. (वडाही अजून तिथेच होता.) पोरीने सोमवारी राजीनामा दिला, आणि काळजी वाटण्याऐवजी मला नुसतं हलकं हलकं वाटत राहिलं.

आता त्यांचे कार्यक्रम बरेच होतात. सोलोच्या आधी कावेरी वाद्य सावरते आणि गोड हसून सांगते, "पुढची पाच मिनिटं कँटीन बंद आहे." सभागृहाला तो विनोद वाटतो, सगळे हसतात. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ तेवढे अर्धवट उठलेले असतात. ते सदऱ्याचं बटण चाचपत हळूच परत खाली बसतात.