परीक्षक मामा

नार्नूरच्या शेतमजुराच्या घरातला धम्मपाल कॉम्प्युटरचा मास्तर झाला, तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले होते. आदिलाबादच्या एका खाजगी शाळेत तो शिकवायचा. पोरांचा आवडता होता, पण शाळेबाहेर त्याला कोणी विचारत नसे. म्हणून कोडिंग स्पर्धेसाठी परीक्षक व्हाल का, असा फोन आला तेव्हा त्याने नवा शर्ट शिवायला टाकला.

स्पर्धेच्या सकाळी मुख्य परीक्षक श्रीलता मॅडमनी नियम सांगितले. तिघांचा संघ, संघाला एकच कॉम्प्युटर. प्रोग्राम चालला की परीक्षक तिघांपैकी कुणाही एकाला तो समजावून सांगायला लावणार. बाकीच्या दोघांनी तोंड उघडायचं नाही. आणि एखाद्या संघात नात्यातलं कुणी असेल, तर परीक्षकाने आत्ताच सांगावं. तो संघ दुसऱ्याकडे देऊ.

धम्मपालच्या वाट्याला आलेल्या एका संघात त्याची भाची होती, ताईची मुलगी अर्पिता. तो गप्प बसला. पहिल्याच वेळी अडचण सांगितली तर पुढे कोण बोलावणार, असं त्याला वाटलं. शिवाय पोरीचं आडनाव वेगळं. कुणाला कळणार होतं?

चहाच्या वेळी शेजारच्या टेबलाचे कुलदीप सर हसत म्हणाले, "सर, ते नार्नूरची पोरगी फाटकापाशी तुमाले मामा म्हणून राह्यली होती. मंग काय, पयला नंबर घरातच!"

धम्मपालही हसला. मग चहा अर्धाच टाकून उठला.

बाजारात कापसाच्या गाड्यांना वजनासाठी कमीत कमी थांबावं लागेल, अशी रांग लावून देणारा प्रोग्राम करायचा होता. अर्पिता, मीनल आणि हर्षदीप यांचा प्रोग्राम सगळ्यांच्या आधी चालला, आणि बिनचूक चालला. आता समजावणार कोण? कुलदीप सर मान वळवून इकडेच पाहत होते. धम्मपालने अर्पिताकडे बोट केलं.

अनोळखी माणसांपुढे तिची जीभ अडते, हे तिथल्या परीक्षकांत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. लहानपणी दुकानात साखर मागतानाही ती त्याच्या पाठीमागे लपायची.

"ग... ग... गा..." अर्पिता पहिल्याच शब्दावर अडकली. मान लाल झाली. प्रोग्रामचा बराचसा भाग तिनेच लिहिलेला, पण तोंडून अक्षर सुटेना.

"सर, मी सांगू?" हर्षदीपने विचारलं.

"नियम म्हणजे नियम," धम्मपाल म्हणाला, आणि समजावण्याचे गुण शून्य दिले.

संघ खाली घसरला. कुलदीप सरांनी पाठीवर थाप मारली. "मानलं बा तुमाले! घरच्या पोरीलेबी सोडलं नाही." त्या शाबासकीने धम्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हरांड्यात अर्पिता त्याच्यापाशी आली. घरच्या माणसांशी ती बरी बोलायची. "मामा, माह्यापायी तुमाले लोकांपुढं लाज आली न?"

तो सरळ श्रीलता मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: नातं लपवलं तेही, आणि पोरीला मुद्दाम निवडलं तेही. मॅडम तेलुगूत एवढंच म्हणाल्या, "सकाळी एक वाक्य बोलला असतात, तर पुरे होतं." त्यांनी त्याच्या छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला मागून घेतला.

संघाची फेरतपासणी मॅडमनी स्वतः केली. चिठ्ठी टाकली, ती मीनलची निघाली. मीनलने घडाघडा समजावलं. संघ दुसरा आला. परीक्षकांची नावं पुकारली तेव्हा धम्मपाल पालकांच्या खुर्च्यांत शेवटी बसला होता. त्याचं नाव आलं नाही.

निघताना अर्पिताने विचारलं, "माही जीभ अडते, तुमाले तर मालूम होतं. मंग काऊन मलेच उठोलं?"

"तेच्याचसाठी," तो म्हणाला. खोटं बोलायची आता ताकदच उरली नव्हती. "लोकायनं मले चांगलं म्हणावं म्हणून."

ती मीनलचा हात धरून बसमध्ये चढली.

पुढच्या रविवारी तो नार्नूरला गेला. ताईने चहा दिला, आणि आतल्या खोलीकडे पाहून हळूच म्हणाली, "येत नाही म्हणते बाहीर."

"राहू दे. तिले हाका नको मारू," धम्मपाल म्हणाला. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. कप रिकामा झाला तरी तो तिथेच, मान खाली घालून, बसून राहिला.