अडॅप्टरची मागची बाजू

कर्जतच्या बाजारात एक दुकान आहे. पुढे दुरुस्ती, मागे कॉम्प्युटर क्लास. मालकाला सगळे सर म्हणतात. मीही म्हणायचे. बारावीनंतर मी तिथं तीन महिन्यांचा कोर्स केला. सरांनी काय शिकवलं ते आठवत नाही. ‘हात लावू नका’ हे मात्र रोज ऐकल्याचं आठवतं. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रमाणपत्र हातात देताना फोटो काढून घेतला आणि तो दुकानाच्या फलकावर लावला. ऊन लागून माझा चेहरा त्यात आता निळा दिसतो.

लॅपटॉप मला मिळाला तो कोंडाणे लेण्यांजवळच्या एका फार्महाऊसच्या साहेबांकडून. वडील तिथं बाग राखतात. साहेबांचा मुलगा अमेरिकेतून सुट्टीवर आला होता, जाताना स्वतःचा लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेला. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली, हे त्याच्या लक्षात होतं. त्या उपकाराची जाणीव मला आजही आहे. देताना साहेब एवढंच म्हणाले, “थेट प्लगला लावू नकोस हं. तिकडचा करंट निराळा, जळून जाईल.” साहेब मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. मी मान डोलावली.

मला त्याची गरज तातडीची होती. मावळातल्या एका निवासी शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा निघाली होती आणि सोमवारी सकाळी ऑनलाइन मुलाखत होती. आठवीच्या मुलांसमोर आहोत असं समजून विजेवर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, आकृत्या स्क्रीनवर दाखवायच्या. मोबाइल चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. बॅटरी होती एकोणपन्नास टक्के.

गुरुवारी मी लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर पिशवीत घालून दुकानात गेले.

“कुठला?” सरांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

“अमेरिकेतला, सर.”

“झालं!” काउंटरला टेकून उभ्या असलेल्या दोघा गिऱ्हाइकांकडे बघत ते म्हणाले, “बघा, फुकटचा घोडा मिळाला, पण खाणार काय ते कुणी इचारलं नाय.” दोघं हसले. “अगं, तिकडं एकशे दहा व्होल्ट, हितं दोनशे तीस. बटण दाबशील नि धूर निघंल. ट्रान्सफॉर्मर लागतो त्याला. मुंबईवरून मागवायला लागंल. मंगळवारी ये.”

“सर, माझी सोमवारी मुलाखत आहे.”

“मग त्यांना सांग, मंगळवारी घ्या म्हणावं.” पुन्हा हसू. “फिजिक्स केलंस ना तू? तुला कळाया पायजे हे.”

मला कळत होतं. ट्रान्सफॉर्मरची आकृती मी परीक्षेत काढली होती, दोन्ही बाजूंचे वेढे मोजून, पट्टीनं. तेवढ्यावर मी ‘हो सर’ म्हटलं आणि मागवायला सांगून बाहेर पडले. त्या सगळ्या वेळात सरांनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. मीही अडॅप्टर बाहेर काढला नाही. त्यांच्यापेक्षा मला माझीच जास्त कीव येते. त्यांना निदान ट्रान्सफॉर्मर विकायचा होता.

तीन दिवस मी पाठ वहीत लिहिला. स्क्रीन अगदी मंद करून, दोन-दोन मिनिटं लॅपटॉप उघडून आकृत्या केल्या. रविवारी सकाळी बॅटरी बारा टक्क्यांवर आली. वीस मिनिटांचा पाठ आणि त्याआधीचे प्रश्न एवढ्यात होणार नव्हते.

रविवारी आईला सुट्टी. ती कुंभिवलीच्या बाजूला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. केर काढताना तिला कोपऱ्यात अडॅप्टर दिसला.

“ह्यो ठोकळा असा का टाकलाय गं?”

“इथल्या लाइटवर तो चालत नाही.”

“कोन म्हनलं?”

“सर म्हणाले.”

“त्यांनी मागं बघितलं का?”

आईला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. कंपनीत थंड ठेवायच्या खोक्यांवर ‘२-८’ असं छापलेलं असतं, आणि खोक्यातल्या तापमापकाचा आकडा त्या दोहोंच्या मधे बसतो का, ते बघून मगच ती खोकं पुढं सोडते. मधे बसला नाही तर बाजूला ठेवते. अकरा वर्षं दिवसभर हेच. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करते. तिनं अडॅप्टर उलटा केला, खिडकीशी नेला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“हितं शंभर हाय. मग आडवी रेघ. मग दोनशे चाळीस. आपल्याकडं किती असतंय?”

“दोनशे तीस.”

“मग मधे बसतंय की गं!”

मी तिच्या हातातून तो घेऊन तीनदा वाचलं. शंभर ते दोनशे चाळीस.

आता अडचण फक्त पिनांची उरली. त्या चपट्या होत्या, आमच्या प्लगमध्ये जात नव्हत्या. पण वायर अडॅप्टरमधून सुटी निघत होती. तिचं दोन भोकांचं टोक बघून आई म्हणाली, “आपल्या विहारातल्या टेपची वायर अशीच हाय. वंदना झाली की आनते.” बुद्धवंदना आटोपून तासाभरात ती वायर घेऊन आली. ती नेमकी बसली.

“तू लांब हो, मी दाबते,” म्हणत आईनं बटण दाबलं. लॅपटॉपच्या कडेला छोटा दिवा लागला. आईनं वाकून अडॅप्टरचा वास घेतला. मग म्हणाली, “धूर कुटं हाय गं तुज्या सरांचा?”

सोमवारी मी पाठ बदलला. ट्रान्सफॉर्मरची आकृती मागे ठेवली आणि अडॅप्टरची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, “यावर काय लिहिलंय, वाचा पाहू.” मुलाखत घेणाऱ्या बाई चष्मा सावरून खरोखरच वाचायला लागल्या. संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला.

मंगळवारी मी दुकानात गेले. विटेएवढं खोकं काउंटरवर तयार होतं.

“नको मला,” मी म्हटलं.

“का? जाळलास ना?”

मी अडॅप्टर त्यांच्यासमोर उलटा ठेवला आणि आकड्यांवर बोट ठेवलं. त्यांनी तो उचलला नाही. वाकलेही नाहीत. दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, “कंपनीवाले काय, काहीपन लिवतात.”

मागच्या खोलीत पंधरा-वीस मुलं कीबोर्डला हात न लावता बसली होती. मी अडॅप्टर पिशवीत टाकला. निघताना सवयीनं ‘येते सर’ तोंडात आलं होतं. मी नुसतं ‘येते’ म्हटलं.